डोंगर नसलेल्या वाटेवर स्तोत्र १२१

स्पेनमधल्या सान्तियागोच्या वारीत, म्हणजे ख्रिस्ती यात्रेकरूंच्या पायी यात्रेत, एक टप्पा असा आहे, जो बरेच यात्रेकरू बसने नाहीतर रेल्वेने उरकतात. बुर्गोस ते लेओन, साधारण १८० किलोमीटर. या पठाराला मेसेटा म्हणतात. उंची सुमारे ८०० मीटर, नजर जाईल तिथवर गव्हाची शेतं, आणि कापणी झाली की नुसती धसकटं. सावली शोधूनही सापडत नाही. वाट समोर सरळ पडलेली असते आणि दोन तास चाललं तरी आपण जागचे हललोय असं वाटत नाही. ‘हा भाग गाळा, तिथे बघण्यासारखं काही नाही,’ असा सल्ला आम्हालाही मिळाला होता. मावशीने तो मानला नाही. “अवघड तेवढं गाळायचं, तर मग वारी कशाला म्हणायचं?” एवढंच म्हणाली आणि बुर्गोसच्या कॅथेड्रलसमोरून पाठीवर पिशवी टाकून चालायला लागली.

मावशीचे यजमान वारले होते. मला तसं काही सांगण्यासारखं दुःख नव्हतं. माझं एवढंच झालं होतं की प्रार्थनेला बसलं की आत काही हलत नव्हतं. शंका नव्हती, रागही नव्हता. शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे, गीतं म्हणायचे, सभेला जायचे आणि सगळं कोरडं ठणठणीत. असा काळ ज्याने काढलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. दुःखात माणूस निदान देवाला हाक तरी मारतो. कोरडेपणात हाक मारावीशीच वाटत नाही.

त्यात लोक बोलतात. माझ्याबद्दल एक जण म्हणाले होते, “जीवनात कुठेतरी पाप दडलेलं असेल, शोधून काढ.” मी मनापासून शोधलं. पापं सापडली, ती कोणालाही सापडतील. कबूल केली, तरी कोरडेपणा गेला नाही. मावशीला मातीच्याच दिवशी कुणीतरी सांगितलं की देवाने हे चांगल्यासाठीच केलं, रडू नको. दोन्ही वाक्यांना शास्त्राचा आधार दाखवता येईल. पण ऐकणाऱ्याचा होता तो ओलावाही त्यांनी सुकवला. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. त्यांच्या भेटीतला सगळ्यात चांगला भाग तोच, असं मला फार वाटतं. पुढे ते बोलायला लागले, देवाच्या न्यायाविषयी मोठमोठं बोलले, आणि शेवटी देवच म्हणाला की हे माझ्याविषयी नीट बोलले नाहीत.

बुर्गोसमध्ये अविलाच्या संत तेरेसाने १५८२ साली आपला शेवटचा मठ स्थापन केला. ती तेव्हा आजारी होती आणि त्याच वर्षी वारली. आम्ही प्रोटेस्टंट घरातल्या, संतांची आम्हाला फारशी ओळख नाही. पण निघण्याआधी मी तिच्याविषयी वाचलं होतं आणि एका गोष्टीने मला फार धीर आला. ही बाई वर्षानुवर्षं प्रार्थनेत कोरडी होती. प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडे तिचं लक्ष लागलेलं असायचं, घड्याळाच्या ठोक्याकडे कान असायचे, हे तिने स्वतः लिहून ठेवलंय. प्रार्थनेला ती बागेच्या शिंपणाची उपमा देते आणि पाण्याच्या चार तऱ्हा सांगते: विहिरीतून शेंदलेलं, रहाटाने काढलेलं, ओढ्याचं आणि पावसाचं. विहीरच आटली असेल तर काय, हेही ती विचारते. तिचं उत्तर असं की माळ्याने विहिरीवर जायचं सोडू नये. फुलं जगवायची की नाही ते बागेचा धनी बघेल. तिचा सहकारी, क्रूसाचा योहान, १५७७च्या डिसेंबरात धरला गेला आणि आठ-नऊ महिने टोलेडोत एका कोंदट खोलीत कोंडून ठेवला गेला. त्या खोलीत त्याने कविता रचल्या. ही माणसं याच कास्तिल प्रांताची. त्या धसकटांतून चालताना मला वाटलं, यांना कोरडेपणाचं भय नव्हतं, कारण डोळ्यांना रोज तेच दिसत होतं.

वाटेत सान अन्तोनचे अवशेष लागतात. रस्ता थेट जुन्या मठाच्या कमानीखालून जातो. भिंतीत कोनाडे आहेत. दार बंद झाल्यावर पोचणाऱ्या यात्रेकरूंसाठी तिथले साधू त्यांत भाकर ठेवत. ठेवणाऱ्याला घेणारा दिसायचा नाही. मी त्या कोनाड्यात हात घालून बघितला. दगड उन्हाने तापलेला होता. मावशी कमानीखाली थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “उशिरा येणाऱ्याचा विचार केलाय बघ कुणीतरी.”

दिवसभरात आमचं बोलणं जेमतेम व्हायचं. समोरून किंवा मागून येणारा प्रत्येक जण ‘ब्वेन कामिनो’ म्हणायचा, म्हणजे तुमची वाट चांगली जावो. पहिल्यांदा मला ते नुसतं रीतीचं वाटलं. मग एका दुपारी पायाला फोड आलेला एक म्हातारा लंगडत जाता जाता आम्हाला तेच म्हणाला, आणि ते मला लागलं. त्याच्या स्वतःच्या वाटेचं काही बरं चाललेलं नव्हतं. तरी आशीर्वाद त्याच्याकडे होता आणि तो त्याने दिला.

कारियोन दे लोस कोन्देस या गावी ऑगस्टीनियन पंथाच्या सिस्टर यात्रेकरूंना उतरवून घेतात. संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून गाणी म्हणतात, प्रत्येकाला विचारतात, कुठून आलात, कशासाठी चालता. आशीर्वादाच्या वेळी हातात कागदाची एक रंगीत चांदणी देतात. मावशीची पाळी आली तेव्हा तिने “नवऱ्यासाठी” एवढंच सांगितलं आणि मी त्याचं इंग्रजी केलं. सिस्टरने तिच्या डोक्यावर हात ठेवून स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हटलं. मावशीला त्यातलं अक्षरही कळलं नाही, आणि तरी त्या रात्री ती शांत झोपली.

दुसऱ्या दिवशीचा पल्ला सगळ्या वारीत नावाजलेला आहे. कारियोनपासून काल्सादिया दे ला कुएसापर्यंत १७ किलोमीटर, मध्ये एकही गाव नाही. जुना रोमन रस्ता, सुतासारखा सरळ. पाणी निघतानाच भरून घ्यावं लागतं. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर मावशी रस्त्याच्या कडेला मातीतच बसली. दम लागला असेल म्हणून मी बाटली पुढे केली. तिने घेतली नाही.

“मला पुढचं काही दिसतच नाही गं,” ती म्हणाली. वाटेविषयी बोलत नव्हती ती.

माझ्याकडे द्यायला काहीही नव्हतं. सांत्वनाची जी वाक्यं तोंडात आली ती मी गिळली, कारण ती तिने आधीच ऐकली होती आणि ती सगळी माझ्याच बेचैनीतून येत होती. मी तिच्याजवळ खाली बसले. बराच वेळ बसलो. मग लहानपणापासून पाठ असलेलं बायबलमधलं १२१वं स्तोत्र मी म्हणायला लागले, कारण दुसरं काही येत नव्हतं. “मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो, मला साहाय्य कोठून येईल?”

मावशीने मान वर करून चहूकडे बघितलं. “इथे डोंगर कुठे आहे?”

खरंच नव्हता. क्षितिजापर्यंत एक उंचवटाही नव्हता. मी पुढची ओळ म्हटली, आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या परमेश्वराकडून साहाय्य येतं ही. स्तोत्र स्वतःच दुसऱ्या ओळीत डोंगर मागे टाकतं, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आणि मग तिसरी ओळ आली. तो तुझा पाय ढळू देणार नाही. तिथे माझा आवाज अडखळला.

स्तोत्र १२० ते १३४ ही पंधरा आरोहण स्तोत्रं. यरुशलेमला वर चढून जाताना यात्रेकरू म्हणायचे असं मानतात. आमच्या संडेस्कूलमध्ये ती सपाट एका सुरात पाठ करून घ्यायचे. पण १२१वं नीट ऐकलं तर त्यात दोन आवाज आहेत. पहिल्या दोन ओळी ‘मी’ म्हणणाऱ्याच्या. तिसरीपासून शेवटपर्यंत कुणीतरी दुसरा त्याला ‘तू’ म्हणून सांगतोय: तुझा रक्षणारा डुलकी घेत नाही, दिवसा सूर्याची तुला बाधा होणार नाही, तुझं जाणं आणि येणं तो सांभाळील. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर स्वतःच्या तोंडून पुरं करावं लागत नाही. सोबतचा माणूस ते करतो. मी वर्षभर एकटी खोलीत बसून स्वतःलाच ‘तू’ म्हणत होते. तसंही करावं लागतंच; बेचाळिसाव्या स्तोत्राचा कवी आपल्या खिन्न जिवाला देवाची आशा धरायला सांगतोच की. पण त्याने सगळं भागत नाही.

मी ते स्तोत्र मावशीकडे बघून, तिच्या हातावर हात ठेवून पुन्हा म्हटलं. आत मला काही दाटून आलं नाही, हे मुद्दाम सांगते. मी तितकीच कोरडी होते. शब्द मात्र कोरडे नव्हते, आणि ते माझे नव्हतेच. बायबलमधला संदेष्टा यहेज्केल वाळलेल्या अस्थींच्या खोऱ्यात उभा असताना देव त्याला विचारतो, ह्या सजीव होतील काय? तो हो म्हणत नाही. “तूच जाणतोस,” म्हणतो. एवढ्याच भांडवलावर त्याला बोलायला सांगितलं जातं, आणि तो बोलतो. विश्वासाने बोलणं म्हणजे छातीठोक बोलणं, अशी माझी समजूत करून दिली गेली होती. मला ती आता पटत नाही. सगळं ठीक होईल, असं मी मावशीला सांगितलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. काका परत येणार नव्हते. तुझा रक्षणारा झोपलेला नाही, हे मात्र मी माझ्या भावनेची साक्ष न काढता सांगू शकत होते.

मावशी उठली. पाणी प्यायली. काही अंतर गेल्यावर, समोरचं गाव खळग्यात असल्यामुळे अजून दिसत नव्हतं, तेव्हा ती पुढे बघतच म्हणाली, “परमेश्वर तुझं जाणं आणि तुझं येणं सांभाळील. आता तू नुसतं ऐक. प्रार्थना वगैरे काही करायला जाऊ नकोस.” मी ऐकलं. कुणीतरी माझ्यासाठी, माझी कसलीही झडती न घेता हे म्हणतंय, याची मला किती गरज होती ते तेव्हा कळलं. रडू आलं नाही. पण पुढे लेओनपर्यंत रोज सकाळी निघताना ती ते म्हणायची आणि मी वाट बघायचे.

घरी आल्यावर सकाळच्या प्रार्थनेला काही फार ओल फुटली असं नाही. कधी फुटते, कधी नाही. फरक पडलाय तो बोलण्यात. वचन लिहिलेली चित्रं सगळ्यांना पाठवणं मी बंद केलंय. कोण कशातून जातंय हे आधी विचारते, ऐकून घेते, आणि मग एकच ओळ, त्या माणसाचं नाव घेऊन, तोंडाने म्हणते. शिणलेल्यांना शब्दाने धीर कसा द्यावा हे कळावं म्हणून देव रोज सकाळी माझा कान उघडतो, असं यशयाच्या पन्नासाव्या अध्यायात आहे. तिथे जिभेच्या जोडीला कान आहे, आणि मी त्याच क्रमाला धरून राहायचा प्रयत्न करते. एखाद्या दिवशी काहीच सुचत नाही, तेव्हा गप्प बसते. ते जमायला जास्त वेळ लागला.

मावशीचा आणि माझा फोन ठरलेला असतो. आरोहण स्तोत्रं क्रमाने घेतोय. एका आठवड्यात तिने मला म्हणायचं, पुढच्या आठवड्यात मी तिला. सध्या १२६वर आहोत, अश्रू ढाळत पेरणी करणाऱ्यांचं. मागच्या वेळी पुढे जायची पाळी माझी होती. ती म्हणाली, “पुढचं इतक्यात नको. हेच म्हण परत.” मी परत तेच म्हटलं.