पार्ट्स कॅटलॉग वाचत बसलो

रविवार, रात्री

दुपारची झोप आज लॅम्ब्रेटा स्कूटरने खाल्ली. एका मित्राकडून आणलेलं, तिच्या इतिहासावरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक; गुळगुळीत कागद, पानपानभर फोटो, क्रोमवर धुळीचा कण नाही. अशा गाड्या कोणी रस्त्यावर काढत असेल का, हा प्रश्न बाजूला ठेवून वाचायला घेतलं आणि उठलोच नाही.

सगळ्यात मजा आली ती कारखान्याचा मूळ धंदा स्कूटरच्या अंगात कसा उतरतो हे बघताना. फेर्दिनांदो इनोचेंती हा पोलादी नळ्यांचा कारखानदार. त्यामुळे मिलानच्या लांब्राते भागातून १९४७ साली त्याची स्कूटर निघाली, ती नळीच्या चासीवर. पियाज्जोवाले विमानं करणारे. महायुद्धात त्यांच्या पोंतेदेराच्या कारखान्याची बॉम्बने दैना झालेली. तिथल्या कोर्रादिनो दास्कानियो या विमानाच्या इंजिनिअरने १९४६ साली व्हेस्पा काढली. तिला वेगळी चासीच नाही, दाबून वळवलेला पत्रा हाच सांगाडा. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं. या गृहस्थांना मोटरसायकल मुळात आवडायची नाही. चेनचं काळं कपड्यांना लागतं, पंक्चर झालं की चाक काढायचा खटाटोप. म्हणून त्यांनी चेनच काढून टाकली आणि इंजिन थेट मागच्या चाकाला जोडलं. मोटरसायकलवर राग असलेल्या माणसाची ही गाडी माझ्या वडिलांच्या पिढीने डोक्यावर घेतली. मागे साडी नेसून एका बाजूला बसता येतं, पुढे पोरगं उभं राहतं, पायाशी गॅसचा सिलिंडर मावतो. जणू पेठेतल्या संसाराचं माप घेऊनच शिवलेली.

पारा चढला तो शेवटी. इनोचेंतीने १९७१ साली लॅम्ब्रेटा थांबवली आणि लेखकानेही तिथेच दुकान आवरलं. भारत कुठे? परिशिष्टात, पानभर. अहो, मुंबईत एपीआयवाले, म्हणजे ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, पन्नासच्या दशकापासून लॅम्ब्रेटा जोडत होते. १९७२ साली स्थापन झालेल्या लखनौच्या स्कूटर्स इंडियाने इनोचेंतीची यंत्रसामग्रीच उचलून आणली आणि तिच्यावर विजय सुपर काढली. म्हणजे गाडीचं उत्तरायुष्य आपल्याकडे गेलं आणि चरित्रात त्याची नोंद तळटीपेपुरती. बुलेटचं तेच. मद्रासला १९५५ साली सुरू झालेलं काम इंग्लंडमधला रेडिचचा मूळ कारखाना बंद पडला तरी चालूच राहिलं. म्हैसूरची जावा पुढे येझदी झाली आणि १९९६ पर्यंत निघत राहिली. किकचाच दांडा दुमडून गिअरचा दांडा करायची ती युक्ती हातची न सोडता. आपण या पुस्तकांत हटकून भेटतो ते खरेदीच्या सल्ल्यात: आशियातून रंगवून आलेल्या स्कूटरी जरा जपून घ्या, आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते! यात खोटं काही नाही म्हणा. चांगला वितभर थर मीही पाहिलाय. पण म्हणून एवढीच ओळख?

माझ्यापुरतं विचाराल तर खरं पुस्तक पार्ट्स कॅटलॉग, म्हणजे सुट्या भागांची चित्रं आणि नंबर. बजाजच्या स्कूटरचा एक जुना कॅटलॉग माझ्याकडे आहे, जुन्या बाजारात नटबोल्टांच्या ढिगाखाली सापडलेला. गिअरबॉक्सच्या पानावर एक तिरकी तुटक रेघ, आणि तिच्यावर गिअर, वॉशर, सर्क्लिप ओळीने हवेत तरंगणारे. मध्ये तो चार हातांचा क्रॉस, जो झिजला की गिअर टिकत नाही, चढावर गाडी आपसूक न्यूट्रलला येते. त्याच्या नंबराभोवती कुणीतरी पेन्सिलने गोल केलाय, शेजारी काळं बोट उमटलंय आणि समासात तेव्हाचा भाव लिहिलाय. ज्याने हे पान उघडलं त्याची गाडी नेमकी कशाने आजारी होती, ते मला आज कळतं. गुळगुळीत पुस्तकात असा माणूस भेटत नाही.

त्यानंतर नंबर हेन्सच्या दुरुस्तीच्या मॅन्युअलांचा. जॉन हेन्स ब्रिटिश हवाई दलात एडनला असताना त्याने एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट खोलून जोडली आणि जोडताना फोटो काढत गेला. त्यातून १९६६ साली पहिलं मॅन्युअल आलं. पुढे व्हेस्पाचंही आलं. स्वतः खोलल्याशिवाय लिहायचं नाही ही रीत मला फार पटते. मात्र ‘जोडताना हाच क्रम उलटा’ या एका ओळीवर जगभरातल्या किती हौशी लोकांनी हातातला स्पॅनर फेकला असेल, देव जाणे.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रींना मागे एकदा असंच एक मॅन्युअल दाखवलं होतं. त्यांनी हात पुसले, चार पानं उलटली आणि विचारलं, “साहेब, गाडी आडवी करायची कुठे लिहिलंय?” नव्हतंच लिहिलेलं. ५७ बाय ५७ मिलिमीटरचा सिलिंडर, पॉइंटमधली ०.३ ते ०.५ मिलिमीटरची फट, सगळं होतं. पण पावसाळी सकाळी चेतक चालू होईना की एका अंगावर कलंडायची, क्षणभर धरायची, सरळ करून किक मारायची, हे अख्ख्या देशाला ठाऊक असलेलं शास्त्र कुठल्याच पानावर नाही.

असलं पुस्तक कुणीतरी लिहायला हवं. बजाजचा १९६०चा पियाज्जोशी करार, तो संपल्यावर १९७२ साली आलेली चेतक, हे तारखांचं काम अभ्यासक करतीलच. मला हवी आहेत बाकीची पानं: नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारी माणसं, लग्नात स्कूटर मागणारे व्याही, आणि बोलता बोलता आवाजावरून ‘प्लगमध्ये कचरा आलाय’ म्हणून सांगणारे मिस्त्री. हे म्हातारे आहेत तोवर रेकॉर्डर घेऊन गॅरेजात बसायला हवं. फोटोंचं काय, कुणीही काढेल.

तोवर मोबाइलवरच्या पीडीएफवर भागवायचं. आज येझदीची एक उतरवून घेतली. स्कॅन करणाऱ्या महाभागाने क्लचचं पान नेमकं मधोमध कापलंय, त्यामुळे कुठल्या प्लेटीनंतर कुठला वॉशर, ते उद्या मिस्त्रींनाच विचारावं लागणार.