फायर इन्स्पेक्शनचा सेल बजेटमध्ये बसवताना: माझा अनुभव

मी एका महापालिकेच्या अग्निशमन विभागात ऑफिसर आहे, पालिकेचं नाव नको. बिल्डिंगांच्या फायर इन्स्पेक्शनसाठी वेगळा सेल (म्हणजे फक्त तेच काम करणारा छोटा गट) पाहिजे हा प्रस्ताव बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ऑफिसात मला त्यातल्या त्यात एक्सेल येतं.

महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक कायदा सांगतो की जबाबदारी मालकाची नाहीतर भोगवटादाराची, त्याने लायसन्सवाल्या एजन्सीकडून आग विझवायची सिस्टिम तपासून घ्यायची आणि जानेवारी-जुलैत फॉर्म बी, म्हणजे सिस्टिम चालू असल्याचं सर्टिफिकेट, द्यायचा. बरं, फॉर्म आले, वाचणार कोण? आमच्याकडे गाडीवर ड्युटी असलेलाच ऑफिसर दुपारी नोटिसा टाइप करतो आणि कॉल आला की अर्धी नोटीस स्क्रीनवर सोडून पळतो.

गाडी मागितली तर मिळते हो. नारळ फुटतो, फोटो येतो. जी आग लागलीच नाही तिचा फोटो कसा काढणार?

अकाउंट्सचा पहिला प्रश्न, आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) पद आहे का? नाही. मग पगार बजेटच्या कुठल्या हेडखाली (लेखाशीर्षाखाली) टाकू? नवीन पदं म्हणजे नगरविकास खात्याची मंजुरी, सेवाप्रवेश नियम, बिंदुनामावली (आरक्षणाचा तक्ता), आणि त्याच्या आधी आस्थापना खर्च (पगार वगैरे) उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत पाहिजे ही अट, जी आमच्यासारख्या पालिकेत पाळताना सगळ्यांच्या तोंडाला फेस येतो. मग विचारलं, यातून उत्पन्न किती? मी म्हटलं साहेब, फी येते तेवढी येऊ द्या पण उत्पन्नासाठी इन्स्पेक्शन करायला लागलो तर आम्ही फक्त फी भरणाऱ्यांकडेच जाऊ, आणि खरी भीती तर जे कधीच काही भरत नाहीत त्यांच्या गाळ्यांची आहे.

शेवटी "कामाचा ताण वाढला आहे" वगैरे नेहमीची वाक्यं काढून टाकली आणि साधा हिशोब मांडला. समजा दोघांची एक टीम दिवसाला दोन बिल्डिंगा करते (पंप चालू करून, टाकी बघून, जिने चढून, नुसती सही नाही), आणि सुट्ट्या, कोर्ट, बंदोबस्त जाऊन वर्षाला 200 दिवस हातात राहतात, तर झाल्या 400. शहरात अशा 4000 बिल्डिंगा असतील तर एका टीमला एक फेरी पूर्ण करायला दहा वर्षं. हे वाचून मीटिंगमध्ये पहिल्यांदा कुणीतरी पेन खाली ठेवलं.

दुसरा मुद्दा जास्त चालला. गाडीवरची एक जागा चोवीस तास भरायची तर तीन शिफ्टची तीन माणसं, वर वीकली ऑफ आणि रजेसाठी राखीव माणूस. इन्स्पेक्शन दिवसाचं काम, एका जागेला एक माणूस. अकाउंट्सवाल्यांना हे लगेच पटलं. सोबत मुंबईचं उदाहरण जोडलं, डिसेंबर 2017 ला कमला मिलमधल्या आगीत 14 जण गेले आणि त्यानंतर तिथे अग्निशमन केंद्रांवर फायर कंप्लायन्स सेल झाले.

एकाने सुचवलं की हे पण एजन्सीलाच देऊन टाका ना. ज्याचे पैसे मालक देतो त्याचं सर्टिफिकेट त्यानेच तपासायचं? तो विषय तिथेच मिटला, सुदैवाने.

मिळालं काय तर नवीन पदं नाहीतच. आहेत त्यातलेच काही सब ऑफिसर सेलला, ऑपरेटर आउटसोर्सिंगचे, आणि वेगळं लेखाशीर्ष. ते लेखाशीर्ष मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, रक्कम छोटी असली तरी पुढच्या वर्षी वाढवून मागता येते, हेडच नसेल तर मागणार कुठे. पण माणसं शिफ्टमधूनच काढल्यामुळे गाड्यांवर माणूस कमी पडतो आणि त्यावरून स्टेशनचे लोक माझ्यावर चिडलेत, त्यांचंही चूक नाही. आकृतिबंधाची फाइल मंत्रालयात आहे.

कुणाला असा प्रस्ताव करायचा असेल तर दिवाळीच्या आधी द्या, जानेवारीत गेलात तर आकडे गोठलेले असतात आणि मग सुधारित अंदाजपत्रकाची वाट बघत बसावं लागतं.