मावशींचा हात

टेम्पोचा हॉर्न वाजला आणि लाडूचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडायला लागलं. ९ आठवड्यांचं कुत्र्याचं पिल्लू, लसी पूर्ण झालेल्या नाहीत, म्हणून मंडईत कडेवरच नेते.

"किती गोड!" म्हणत चार हात एकदम डोक्यावर आले. त्यानं माझ्या काखेत तोंड खुपसलं.

भाजीवाल्या मावशींनी मात्र त्याच्याकडे बघितलंही नाही. एका हातानं मेथीवर पाणी शिंपडत दुसरा नुसता पुढे ठेवला. "येऊ दे त्याला, त्याच्या मनानं."

मिनिटभरानं लाडूचं नाक त्या ओल्या बोटांना टेकलं. शेपटी हलली!

साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात जे ओळखीचं होतं, त्याची पिल्लाला पुढे सहसा भीती वाटत नाही. पण ओळख अशी हळू व्हायला हवी.

लहान मुलांनाही आपण "काकांना पापी दे" म्हणत पुढे ढकलतोच ना?