नळीने चीक पाजताना
आज पहाटे जन्मलेलं वासरू चोखेना, चीक (व्यायल्यावरचं पहिलं दूध) तोंडातून पोटात जाणाऱ्या नळीनेच पाजावा लागला. 30 किलोच्या वासराला पहिल्या 2 तासांत 3 लिटर, 38-39 अंश कोमट. नळी नाकापासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत मोजून खूण करा. वासरू उभं हवं, मान ताणलेली नको. ओलं टोक जिभेवरून सरकवा, गिळू द्या.

मग गळा चाचपाच! कड्याकड्यांची कडक श्वासनलिका आणि शेजारी अन्ननलिकेतली नळी, दोन्ही वेगळ्या लागल्या तरच चीक सोडा. खोकला आला नाही एवढ्यावर विसंबू नका. चीक फुप्फुसात गेला की वासरू हातचं जातं. नळीला जोडलेली चिकाची पिशवी दाबू नका, आपसूक उतरू द्या. नळी चिमटून काढा, नाहीतर उरलेले थेंब श्वासनलिकेत. हगवणीच्या वासराची नळी नवजाताला कधीच नको.