जैसलमेरची दुपार

जैसलमेरच्या हॉटेलात दुपारी तीनच्या सुमारास नुसताच लोळत पडलो होतो, तेवढ्यात एक ओळखीची घरघर ऐकू आली. आधी वाटलं, गल्लीत कुणीतरी पंप सुरू केलाय. मग त्या घरघरीमागची पाण्याची टिपटिप ऐकू आली आणि खात्री पटली. शेजारच्या घराच्या खिडकीला कूलर होता. पत्र्याचा, तीन बाजूंनी ओल्या गवताच्या ताट्या, चांगला जुना. आमच्या खोलीत एसी होता आणि तो मुकाट्याने आपलं काम करत होता. त्याच्याविषयी मला काही म्हणायचं नाही.

डोंबिवलीत राहायला आल्यापासून हा आवाज आयुष्यातून गेला होता. तिकडे कूलर फिरतो, पण गारवा येत नाही. हवेतच एवढं पाणी असतं की कूलरचं पाणी ती घेणार कुठून! कूलरला हवा लागते कोरडी ठणठणीत. ओल्या ताटीतून जाताना पाणी पिऊन गार होणारी. अशी हवा अकोल्याला असते आणि जैसलमेरला असते. मधल्या सगळ्या मुलखाला मी कूलरच्या हिशेबात धरत नाही.

खरं तर त्या वेळी आम्ही कुलधऱ्याला असायला हवं होतं. शनिवार-रविवारची सहल, मार्च संपत आलेला, म्हणजे तिथला हंगाम सरलेला आणि हॉटेलं स्वस्त. बायकोने घरूनच कागदावर सगळं लिहून आणलं होतं: पटव्यांची हवेली, नथमलची हवेली, किल्ला, जैन मंदिरं, गडीसर, बडा बाग, कुलधरा, समची वाळू. महाबळेश्वरला पॉइंट बघतात तसे इथले पॉइंट. शनिवारी सकाळी हवेल्या उरकल्या आणि दुपारी एक ते चारच्या रकान्यात कुलधरा होतं. पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं गाव, नुसत्या भिंती उरलेल्या, एक छप्पर धड नाही. तिथे दुपारी एक वाजता!

सुदैवाने आमच्यापेक्षा रिक्षावाला शहाणा निघाला. हॉटेलच्या फाटकाशी रिक्षा होती, मागच्या सीटवर तो होता, आणि त्याचे पाय बाहेर होते. हाक मारल्यावर त्याने तोंडावरचा गमछा थोडा बाजूला केला. "अभी? अभी तो कुत्ता भी नहीं निकलता, साब. चार के बाद देखेंगे." आणि गमछा परत तोंडावर. इतक्या स्पष्टपणे गिऱ्हाईक नाकारणारा माणूस मला फार आवडतो.

"अहो, आपण काय इतक्या लांब झोपायला आलोय?" बायको म्हणाली. ती दादरची. दादरला दुपार अशी वेगळी नसतेच. सकाळचंच पुढे संध्याकाळपर्यंत चालू राहतं.

आमच्याकडे अकोल्याला दुपार म्हणजे एक संस्था होती. होळी झाली की वडील कूलर माळ्यावरून उतरवायचे. गंजलेल्या पत्र्याला रुपेरी रंगाचा हात, टुल्लू पंपाची नळी फुंकून साफ, आणि जुन्या ताट्या जाऊन वाळ्याच्या नव्या. पहिल्या दिवशी त्या वाळ्याचा जो वास सुटायचा, त्याच्यासाठी उन्हाळा यावा असं वाटायचं. पण तो फार दिवस टिकायचा नाही, कारण कूलरमध्ये पडायचं बोअरचं पाणी आणि अकोला म्हणजे खारपाणपट्ट्याचं तोंड, जमिनीखालचं पाणीच खारट. नळाचं गोड पाणी काटेपूर्णेच्या धरणातून यायचं, कधी यायचं ते नळालाच ठाऊक, आणि ते पिण्यासाठी मोजून ठेवलेलं. त्यामुळे मेपर्यंत ताट्यांवर मिठाचा पांढरा थर चढायचा आणि पत्र्याला भोकं पडायची. कूलरला हात लावायचा तर पायात चप्पल हवी, हे आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो. तरी महिन्यातून एखादा झटका बसायचाच. कुणी त्याचं फार मनावर घेत नसे.

कूलरसमोरच्या जागेची उतरंड ठरलेली होती. ऐन समोर वडील. त्यांच्या डाव्या हाताला आजी, कारण उजवीकडचा झोत तिच्या गुडघ्यांना चालत नसे. आई स्वयंपाकघर आवरून येईपर्यंत मधली जागा संपलेली असायची. आम्ही पोरं भिंतीकडेला, जिथे वारा नाही, नुसता आवाज पोचतो. जावई आले की वडील न सांगता सरकायचे. आत्याच्या यजमानांना मी सगळ्यांत आदराने कधी बघितलं असेन तर त्या जागेवर घोरताना. खिडक्यांना जुन्या चादरी टांगून काळोख केलेला असायचा, आणि कुणी हळूच उठलं की आजीचा आवाज यायचा, डोळे न उघडता. "पोट्टेहो, उनात जासान त भोवळ येऊन पडसान." आम्ही गुमान पडायचो. झोप येत नसे. पंखा मोजायचो, पाल बघायचो, आणि दुपार संपता संपत नसे. आता अशी दुपार मिळावी म्हणून मी पैसे मोजून वाळवंटात आलो होतो!

उन्हाच्या बाबतीत वऱ्हाडी माणसाला एक माज असतो, तो इथे कबूल करून टाकतो. मेमध्ये पेपरात देशातल्या सगळ्यांत तापलेल्या शहरांची यादी आली की आम्ही आधी अकोला शोधतो. वर असेल तर घाम पुसत समाधान वाटतं. आमचा खरा प्रतिस्पर्धी राजस्थान, आणि त्यातही फलोदी. १९ मे २०१६ रोजी फलोदीत ५१ अंश नोंदले गेले, देशातला उच्चांक. त्या वर्षी आमच्या घरी जवळपास सुतक होतं. जोधपूरहून रात्रीच्या गाडीने जैसलमेरला येताना हे फलोदी वाटेत लागतं. मी मुद्दाम जागा राहिलो. पिवळ्या दिव्यांचं साधं स्टेशन, बाकावर रजई गुंडाळून झोपलेला माणूस. हो, रजई! मार्च संपतानाही पहाटे वाळवंटात हवा गार असते. निवडणुकीत कोण जिंकणार याचे भाव ज्या सट्टाबाजारात फुटतात, तोही इथलाच. ज्या गावात मे महिना तसा जातो, तिथल्या लोकांना बाकी कशावर पैज लावायची भीती वाटणार?

तर जैसलमेर. हे गाव दुपारसाठी बांधलेलं आहे, असं मला तिथे पडल्या पडल्या वाटू लागलं. सगळे जण ते संध्याकाळी बघतात. ऊन तिरपं झालं की पिवळा दगड पेटल्यासारखा होतो, फोटो छान येतात. पण ती सोय आपल्यासाठी झाली आपोआप. बांधणाऱ्यांचा डोळा बाराच्या उन्हावर होता. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरची घरं एकमेकांवर सावली टाकून बसलेली. वरून झरोके पुढे आलेले, त्यांची आणखी सावली. आणि जाळ्या: अख्ख्या दगडाला असं बारीक कोरलेलं की ऊन आत येताना चुरा होऊन येतं आणि वारा मात्र जोराने. पटव्यांच्या हवेलीत गाईड आम्हाला नक्षी दाखवत होता, पाच भावांच्या पाच हवेल्या, १८०५ सालापासून पुढे बांधत गेलेल्या, वगैरे. मी जाळीला गाल लावून उभा होतो. दोनशे वर्षांचा कूलर, विनापाण्याचा, विनाझटक्याचा.

नथमलच्या हवेलीची गोष्ट आणखी मजेची. हाथी आणि लुलू या दोन भावांनी ती घडवली, एकाने डावी बाजू, दुसऱ्याने उजवी. लांबून दोन्ही बाजू सारख्या, जवळ गेलं की प्रत्येक कोरीवकाम निराळं. पर्यटक खाली उभे राहून फरक शोधतात. आम्हीही शोधले. माझी शंका वेगळी आहे: एक भाऊ जेवून झोपत असणार आणि दुसरा झोपत नसणार. कुठली बाजू झोपणाऱ्याची, हे ठरवण्यात माझी पाच मिनिटं गेली. मला उजवी वाटली. बायको म्हणाली, चला.

समला जायचं ते गेलोच, चाळीस किलोमीटर. उंट, जीपगाड्या, सूर्यास्त, रांगेने तंबू, दाल-बाटी-चुरमा. मांगणियार गायकांपैकी एक म्हातारबुवा कमायचा काढून बसले होते. ते वाद्य एकदा वाजलं की पोटात काहीतरी हलतं. पुढच्या टेबलाने दुसऱ्याच मिनिटाला सिनेमातल्या गाण्याची फर्माईश केली आणि कमायचा खाली ठेवला गेला. समबद्दल एवढंच.

रविवारी किल्ला. ११५६ साली रावल जैसलने त्रिकूट टेकडीवर बसवलेला, नव्व्याण्णव बुरुजांचा, आणि अजून आत माणसं राहतात. दारात दुधाची पिशवी, दोरीवर शाळेचा गणवेश. जैन मंदिरांखाली तळघरात ताडपत्रांचा जुना ग्रंथभांडार आहे. त्या कोरड्या हवेत शेकडो वर्षांची पानं टिकली. माझे दिवाळी अंक डोंबिवलीत दुसऱ्या पावसाळ्यातच बुरशीला लागतात, म्हणून मला जरा हेवाच वाटला.

मग बारा वाजले, आणि गर्दी ओसरली. दुकानदारांनी कापडं खाली सोडली. किल्ल्याच्या चार दरवाजांतला शेवटचा, हवा पोल, तिथे मात्र निम्मं गाव बसलेलं. चढावरून वारा त्या कमानीत शिरतो आणि सतत वाहत राहतो. दोन्ही कडेच्या ओट्यांवर म्हातारे, झोपलेला एक कुत्रा, माळा विकणाऱ्या बायका, आणि आम्ही. बायकोसुद्धा दगडाला टेकून पेंगली. कागदाप्रमाणे ती त्या वेळी बडा बागेत होती.

तिथे बसल्यावर नजर गल्लीच्या कडेच्या गटाराकडे गेली. मला गटारं बघायची सवय आहे, खारपाणपट्ट्यातल्या माणसाची नजर पाणी कुठे चाललंय तिकडे आपोआप जाते. पाणी वाहत होतं. साबणाचं, भांड्यांचं, भरपूर. वर्षाला जेमतेम वीस सेंटिमीटर पावसाच्या गावात.

पूर्वी हे गाव पाणी प्यायचं ते गडीसर तलावाचं. पावसाचं साठवलेलं, बायकांनी डोक्यावरून वर चढवलेलं. एवढा चढ चढून आणलेला हंडा कोण ओतून टाकेल? मग नळ आले. इंदिरा गांधी कालव्याने पंजाबातल्या हरिकेचं पाणी वाळवंटात आणलं, ही साधी गोष्ट नव्हे, त्यासाठी पिढ्या तरसल्या. नळाबरोबर न्हाणीघरं आली, हॉटेलं आली, आणि वापरलेलं पाणी जिरलं टेकडीत. टेकडी ठिसूळ थरांची. कोरडी होती तोवर तिने किल्ला पेलला, ओली झाल्यावर ती सरकायला लागली. नव्वदच्या दशकात बुरूज ढासळले. २०१३ मध्ये राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर हाही युनेस्कोच्या यादीत गेला, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पावसात तटाचा एक भाग खाली आला. आठशे वर्षं पाण्यासाठी झुरलेलं गाव पाण्यानेच सैल होतंय. यावर हसावं की काय करावं, मला कळेना.

आतल्या लोकांना खाली हलवा, असं म्हणणारे बरेच आहेत. ओट्याशेजारच्या लस्सीवाल्याला विचारलं. त्याचं घर किल्ल्यातच, पण मुलाने खाली नव्या वस्तीत बांधलंय, काँक्रीटचं. "जाता हूँ कभी-कभी. दोपहर में नींद नहीं आती वहाँ. छत आग हो जाती है." म्हणून तो दुपारी वर येतो, बापाच्या खोलीत झोपतो आणि चारला पुन्हा गाडा लावतो. त्या दिवशी आमच्यामुळे त्याची झोप लांबलेली दिसत होती.

लोक किल्ला का सोडत नाहीत, याचं असलं कारण कुठल्या अहवालात कुणी लिहिणार नाही. माझ्या मते लिहायला हवं, अगदी आकडेवारीच्या वर. पण मला कोण विचारतं. आणि उद्या तो लस्सीवाला तिथेच झोपलेला असताना बुरूज सरकला तर माझं मत कुणाच्या कामाचं? मी पाचशेची नोट काढली. त्याच्याकडे सुट्टे नव्हते. मग आणखी दोन लस्सी सांगितल्या, तरी हिशेब जुळेना. शेवटी बायको जागी झाली आणि तिने पर्समधून मोजून पैसे दिले.