जे बोलतं त्याचं अनेकवचन

एम.ए.च्या वर्गाला मी भाषाविज्ञान शिकवते. आमच्या क्षेत्रकार्याच्या तासाला पुस्तक नसतं. वर्गात कुणालाच येत नाही अशी भाषा बोलणारा एक माणूस समोर बसतो आणि मुलं त्याला विचारून विचारून त्या भाषेचं व्याकरण शोधून काढतात. त्यानं फक्त उत्तरं द्यायची, नियम सांगायचे नाहीत. त्या दिवशी कर्जतकडच्या एक कातकरी मावशी यायच्या होत्या. पण जुलैचा पाऊस, कुर्ल्याला रुळांवर पाणी, मध्य रेल्वे बंद. सांताक्रूझपर्यंत पोचलेली मुलं जवळजवळ सगळी पश्चिम रेल्वेवरची.

तास रद्द करावा म्हणत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "मॅडम, मला क्लिंगॉन येते. मी बसू का समोर?"

दोघं-तिघं हसले. मी त्याला लगेच पुढे बोलावलं, कारण ही भाषा कुणी गंमत म्हणून जोडलेल्या शब्दांची नाही. 'स्टार ट्रेक' या अंतराळातल्या कथामालिकेत क्लिंगॉन नावाचे परग्रहवासी आहेत, त्यांची ही भाषा. १९८४ च्या चित्रपटासाठी ती मार्क ऑक्रँड यांनी रचली आणि १९८५ मध्ये तिचा शब्दकोश व्याकरणासह छापला. ऑक्रँड व्यवसायानं भाषाविज्ञानाचे. त्यांचा प्रबंध म्युत्सुन या कॅलिफोर्नियातल्या भाषेच्या व्याकरणावर होता. ती भाषा अस्खलित बोलणारी शेवटची बाई १९३० मध्येच गेली, त्यामुळे इतरांनी टिपून ठेवलेल्या कागदांवरून त्यांनी ते व्याकरण बांधलं. असा माणूस भाषा रचतो तेव्हा त्यात शोधण्यासारखं काहीतरी ठेवतोच, ही माझी खात्री होती.

फळ्यावर 'मूल' लिहिलं. मुलगा म्हणाला, 'पुक'. अनेक मुलं? 'पुकपु'. शेवटी घसा क्षणभर बंद होतो, तो झटका त्यानं दोनदा म्हणून दाखवला. जहाज 'डूज', जहाजं 'डूजमेय'. त्यातला ड अगदी आपला, जीभ मागे वळवून म्हणायचा, त्यामुळे तो कुणाला शिकवावा लागला नाही.

वसईच्या मुलीनं लगेच मांडलं, "सजीवाला पु, निर्जीवाला मेय." मग प्राणी विचारा, मी म्हटलं. प्राणी 'खाडिबाख', अनेक प्राणी 'खाडिबाखमेय'. तर्क पडला. पुढचा तर्क आला, "माणसाला पु, बाकी सगळ्याला मेय." तोही पंधरा मिनिटं टिकला, कारण मुलं शिक्षक, शत्रू, अधिकारी असेच शब्द विचारत राहिली. मग कुणीतरी विचारलं, "त्या गोष्टीत परग्रहावरचे लोक असतील ना?" व्हल्कन ग्रहावरचा 'वुल्कानगान', अनेक असले की 'वुल्कानगानपु'. हे लोक माणसं नव्हेत, तरी पु.

वर्ग गप्प झाला. मी काही सुचवलं नाही. या तासाचा सगळा जीव अशा वेळी गप्प राहण्यात आहे. शेवटी भाईंदरची एक मुलगी, जी एरवी वहीतून मान वर काढत नाही, म्हणाली, "ते बोलतात. ज्याला भाषा आहे त्याला पु." समोरच्या मुलानं नुसती मान हलवली. ऑक्रँड यांचा नियम नेमका हाच आहे. लिंग नाही, जीव नाही, भाषा वापरता येते की नाही एवढंच पाहायचं. आमच्या विषयाच्या वर्गात हे वर्गीकरण सापडावं याचा मला फार आनंद झाला.

मग पाय विचारला. 'कम', आणि अनेक पाय 'कमडू'. तिसराच प्रत्यय! अवयवांना डू, मग ते बोलणाऱ्याचे असोत की जनावराचे.

पण त्या दिवसाचा खरा ठेवा पुढे होता. एका मुलानं मुद्दाम चुकीचं रूप करून विचारलं, "पुकमेय चालेल का?" मला वाटलं, नाही म्हणेल. तो म्हणाला, "चालतं, पण मग मुलं इकडेतिकडे विखुरलेली असतात." म्हणजे मेय हा नुसता उरलेल्यांचा प्रत्यय नाही, बोलणाऱ्याला लावला की तो पसारा दाखवतो. 'कममेय'? नाही, अवयवांना हे चालत नाही. क्लिंगॉन कवी मात्र तसली सूट घेतात, असं ऑक्रँड यांनीच लिहून ठेवलंय.

याहून अवघड काही शब्द निघाले. ताट 'जेंग्वा', पण ताटं 'ङोप', प्रत्ययाशिवाय निराळाच शब्द. (मराठीत शब्दाच्या सुरुवातीला कधी न भेटणारा ङ इथे ऐकून वर्गानं तो पुन्हा म्हणायला लावला.) पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, 'पेंग', अनेक पाणतीर 'चा'. गंमत म्हणजे 'चा' सज्ज ठेवण्याचा हुकूम देताना क्रियापदाला एकवचनी कर्माचाच उपसर्ग लागतो. तेव्हा एकजण म्हणाला, "आपलं सैन्य आलं, तसंच." अगदी तसंच. हजार सैनिक असले तरी सैन्य 'आलं'.

आणि हे सगळे प्रत्यय ऐच्छिक. 'लोष पुक' म्हणजे चार मुलं. चार म्हटल्यावर पु लावलाच पाहिजे असं नाही. 'त्लिंगान माख', आम्ही क्लिंगॉन. 'आम्ही' आलं की अनेकवचन कळलंच. मुलांना हे अपुरं वाटलं. मी त्यांना दगड, हात, दात, उंदीर ही आपली नामं लिहायला लावली. एक दगड, दहा दगड. नामात बदल नाही, संख्या क्रियापद सांगतं. आणि 'डॉक्टर आले' यात तर क्रियापदही सांगत नाही. एकच डॉक्टर मानानं आले की चार आले? आपण रोज हे वाक्य बोलतो आणि प्रसंगावरून समजून घेतो. अनेकवचनाकडून आपण आदराचं काम करून घेतो, क्लिंगॉन पसाऱ्याचं. एका दुपारी वर्गाला हे स्वतःहून दिसलं. मी पाठ्यपुस्तकातून शिकवलं असतं तर इतकं लख्ख दिसलं नसतं.

तास संपला तरी कुणी उठेना. शेवटचा प्रश्न वसईच्या मुलीचा, "पोपटाला काय लावायचं? तो बोलतो." भाईंदरची म्हणाली, मेयच, पोपट ऐकलेलं म्हणतो, नवं वाक्य रचत नाही. दुसरी म्हणाली, हाक मारली की योग्य उत्तर देतो, ती भाषा का नाही? भाषा कशाला म्हणायचं यावर आमच्या शास्त्रात मोठमोठे वाद झालेत आणि मुलं एका प्रत्ययावरून थेट तिथे पोचली होती. दोन्ही बाजूंना मी आपापली कारणं लिहून आणायला सांगितली.