मामांची वही

आमच्या मोल्डिंग विभागात, म्हणजे प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात भाग बनवतात तिथे, साप्ताहिक सुट्टीनंतरची पहिली पाळी म्हणजे डोकेदुखी. नायलॉनच्या भागांवर चंदेरी रेघा उमटायच्या आणि भरलेले क्रेट थेट रिजेक्शनच्या रॅकवर जायचे. कारण सगळ्यांना ठाऊक होतं: नायलॉन हवेतली ओल शोषतं, ओले दाणे मशीनच्या तापलेल्या बॅरलमध्ये (दाणे वितळवणाऱ्या नळीत) गेले की वाफ होते आणि तीच पृष्ठभागावर रेघा ओढते. म्हणून दाणे साधारण 80 अंशांवर काही तास वाळवायचे. ते वाळवलेही जात होते. तरी रेघा येतच होत्या.

वरून दोन उपाय होऊन गेले होते. आधी ऑपरेटरांना पुन्हा प्रशिक्षण, मग 'कामाबद्दल तुमचं मत' असा छापील अर्ज. बहुतेकांनी 'समाधानी'वर खूण केलेली. अर्ज सुपरवायझरच्याच हातात द्यायचा, त्यावर माणूस दुसरं काय लिहिणार?

गुणवत्ता विभागातून हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा मी एकच अट घातली: बैठक मशीनपाशी होईल, आणि स्टोअर व अकाउंट्सची माणसंही तिथे हजर राहतील. जपानमध्ये 1962 पासून क्वालिटी सर्कल, म्हणजे कामगारांचे छोटे गट, सुरू झाली ती याचसाठी, की काम करणाऱ्यांनीच आपल्या कामातल्या अडचणी अभ्यासाव्यात. पुढे बऱ्याच ठिकाणी त्यातले फलक आणि ढाली तेवढ्या उरल्या, पण ते असो.

सुरुवातीला कुणी तोंड उघडेना. मग सगळे ज्यांना मामा म्हणतात त्या सर्वांत जुन्या ऑपरेटरांनी टूलबॉक्समधून एक वही काढली. पानांच्या कडा ग्रीसने काळ्या पडलेल्या. आत तारीख, मशीन, पोतं नवं की उघडं आणि किती माल बाद झाला, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं.

"साहेब, नव्या पोत्याच्या मालाला रेघा येत नाहीत. उघड्या पोत्याच्या येतात."

उघडी पोती येतात कुठून? स्टोअरकीपर म्हणाला, "पोतं 25 किलोचं, मागणी 18 किलोची. ऑर्डरच्या वजनाइतकाच माल द्यायचा असा नियम आहे. उरलेलं पोतं तोंड मुडपून परत रॅकवर." तीच पोती सुट्टीभर ओल पीत पडायची आणि 'आधी उघडा माल संपवा' म्हणून पहिल्या पाळीला मिळायची. वाळवण्याचे तास मात्र नव्या पोत्याच्या हिशेबाने ठरलेले.

अकाउंट्सचे गृहस्थ जरा अवघडले. "नियम आमचाच. महिनाअखेरीला साठ्याचा ताळा जुळावा म्हणून. पण माल खराब होतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"आम्हाला कुणी विचारलंय?" मामा.

तोडगा तिथेच उभ्याउभ्या निघाला. पोतं अख्खं द्यायचं, उरलेला माल घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवायचा आणि वजन पाळी संपताना करायचं. पिंपावर उघडल्याच्या तारखेची चिठ्ठी लावावी, हे पॅकिंगमधल्या ताईंनी सुचवलं.

सगळे पांगायच्या बेतात असताना एका तरुण ऑपरेटरने विचारलं, "रेघा थांबल्या की पहिल्या पाळीचं टार्गेट वाढवणार का?"

माझ्या मते दिवसभरातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच होता. वही इतकी वर्षं टूलबॉक्समध्ये का राहिली, त्याचंही उत्तर त्यातच होतं. प्लांट मॅनेजर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाढणार नाही असा शब्द देत नाही. पण आधी इथे येऊन तुमच्याशी बोलल्याशिवाय आकडा बदलणार नाही."

"तेवढं लिहून द्या," मामा म्हणाले. मॅनेजरांनी फळ्यावर लिहून खाली सही केली.

उघड्या पोत्यांचा प्रकार बंद झाल्यावर रेघांचं रिजेक्शन तुरळक उरलं. नव्या ड्रायरची मागणी मात्र नामंजूर झाली. 'यंदा नाही' आणि त्याचं कारण, दोन्ही फळ्यावर आलं. मामांनी ते वाचलं, मान डोलावली आणि त्याखाली जुन्या ड्रायरची जाळी कोणत्या पाळीत कोण साफ करणार ते लिहून टाकलं.